यादीबाहेरचा शब्द

मु. एलेना, ता. १२ मे १९७४

चि. इस्क्रा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. समुद्रकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात यंदा इंग्रज पाहुणे उतरणार, म्हणून तुम्हा वाढपी मुलींना चाळीस इंग्रजी शब्दांची छापील यादी मिळाली, हे वाचून हसू आलं. चमचा, बशी, थंड, गरम, धन्यवाद. त्यापुढे कुणी परक्याशी बोलली तर तिने लेखी खुलासा द्यायचा म्हणे. पोरी, चाळीस शब्दांत ताट मांडता येतं, माणूस जेवू घालता येत नाही. यात काय घातलंय, असं पाहुणा विचारणारच.

म्हणून दोनशे शब्द उतरवून पाठवते आहे. काकडी, शेपू, लसूण, अक्रोड, सगळं आहे. एकेका शब्दाला शेपूट लावलं की वाढणं, वाढणारी, वाढलेलं अशी रूपं होतात, तीही शेजारी लिहिली आहेत. स्टेशनच्या खानावळीत बावीस वर्षं ताटं उचलली, पण एकही इंग्रज पाहिला नाही. हे सगळं जुन्या शब्दकोशातून, भांडी घासताना पाठ केलेलं. उच्चार चुकले तर हसून घे.

पायांना रोज मिठाचं गरम पाणी. आत्याची आठवण राहू दे.

तुझी आत्या,
त्सोना

*

बाल्चिकजवळ, ता. ९ जून १९७४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझी यादी पोचली, पण पाकीट दोनदा चिकटवलेलं होतं. तू डिंक एवढा सढळ हाताने लावत नाहीस, म्हणून विचारते, ते तूच चिकटवलंस ना?

यादी आमचे स्वयंपाकी मिंचोकाका पिठाच्या पिंपामागे ठेवतात आणि काकड्या चिरताना माझी उजळणी घेतात. शब्द त्यांना वाचता येत नाहीत, तरी चुकले की ओरडतात. लंडनला जाऊन मी त्यांच्याच दह्याच्या सुपाला नावं ठेवणार, असं म्हणतात. त्यांच्या दोघी मुली शाळेत आहेत. धाकटीला माझ्यासारखं व्हायचंय म्हणे, तेव्हा तिला आधी माझे पाय दाखवा, असं मी त्यांना सांगितलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक राखाडी कोटवाले गृहस्थ रोज बसतात. एक लिंबूपाणी त्यांना दुपारभर पुरतं. ते ताटांकडे बघत नाहीत, आमच्या ओठांकडे बघतात. माझ्या शेजारच्या खाटेवरची वेस्का एका पाहुणीला आपल्या गावाचं नाव सांगून बसली. दुसऱ्या दिवशी तिची गादी गुंडाळलेली होती. ती कुठे गेली ते विचारू नका, असं आमच्या मुख्य बाईंनी बजावलं आहे.

म्हणून मी बोलत नाही. हसते आणि मानेने भागवते. तू काळजी करू नकोस, म्हणजे माझीही कमी होईल.

तुझी,
इस्क्रा

*

बाल्चिकजवळ, ता. १७ जुलै १९७४

ती. आत्यास शि. सा. न.

हे पत्र टपालाने नाही, बसवाल्या डोब्रीच्या हाती देते आहे. वाचून जाळ.

परवा दुपारी एका इंग्रज बाईने सुपाच्या वाडग्याकडे बोट दाखवून विचारलं, यात अक्रोड आहेत का. आत्या, मला कळलं. अख्ख्या दालनात तो प्रश्न मला एकटीलाच कळला असेल. पण तो शब्द चाळिसांत नव्हता आणि राखाडी कोट समोर होता. म्हणून तोंड न उघडता मी मान डावी-उजवी हलवली, हो, आहेत, अशी. आपल्या देशात 'हो' म्हणताना सगळे हलवतात तशीच. बाई आभार मानून सूप प्यायली. चार घोटांत तिचा चेहरा सुजला, श्वास अडकला. आता ती वार्नाच्या इस्पितळात आहे, अजून शुद्धीवर नाही.

मागाहून दुभाष्याने सांगितलं की तिला अक्रोड बाधतात, आणि त्यांच्या देशात मान अशी हलवली तर ती 'नाही' समजतात.

तिचा नवरा म्हणतो, वाढपी मुलीने नाही म्हटलं. चौकशीवाल्यांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, प्रश्न कळलाच नव्हता, उगाच मान हलवली. कळला म्हटलं असतं, तर तो शब्द कुणी शिकवला, हे पुढे आलंच असतं. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. पण कुणीतरी हवंच होतं. पदार्थांच्या कार्डावर अक्रोड का लिहिले नाहीत, मुद्दाम का, असं म्हणत काल मिंचोकाकांना गाडीत घालून नेलं. जाताना त्यांनी एप्रनही सोडला नव्हता. यादीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

काय करू?

इस्क्रा

*

एलेना, ता. १९ जुलै १९७४

चि. इस्क्रा, अनेक आशीर्वाद.

डोब्रीला दारात थांबवून हे लिहिते आहे. तो कॉफी पितोय आणि काही विचारत नाही, भला माणूस.

चूक माझी. दोनशे शब्द दिले, मान कशी हलवायची ते सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. पुस्तकात मान नसते ना. तू मात्र बाईला खरं तेच सांगितलंस, हे विसरू नकोस.

मला वाचवायला गप्प बसली असशील, तर ते ओझं मला नको. मी अडुसष्ट वर्षांची, माझं काय नेतील? गुडघे? त्या माणसाच्या पोरी दाराकडे डोळे लावून बसल्या असतील. पण तुझं वय बावीस. जा, खरं सांग, असं मी म्हणणार नाही आणि नको असंही म्हणणार नाही. गेलीस तर माझं नाव आधी सांग, तुझं नंतर.

तुला कुशीत घेते.

त्सोनाआत्या

*

वार्ना, ता. २४ जुलै १९७४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एक पत्र लिहायची परवानगी आहे. हे ते वाचूनच पाठवतील.

मी सगळं सांगितलं. प्रश्न कळला होता, उत्तर खरं दिलं होतं, आचाऱ्याचा दोष नाही. संध्याकाळी मिंचोकाकांना सोडलं. इथल्या जिन्यात आमची गाठ पडली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी मान हलवली. आमची आम्हाला कळली.

इंग्रज बाई शुद्धीवर आली, असं कळलं.

तुझं नाव आधी नाही सांगितलं, नंतर सांगावं लागलं. पत्ता राखाडी कोटवाल्यांनी स्वतः लिहून घेतला. ते सभ्यपणे वागतात. तुझ्याकडे कुणी आलं तर त्यांना बसायला दे आणि विचारतील तेवढंच सांग.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस, आत्या. मी कुठे असेन, ते मला अजून सांगितलेलं नाही.

तुझीच,
इस्क्रा