आत्याच्या पाठीतले धपाटे

६ नोव्हेंबर, रविवार

पाठ अजून ठणकतेय! बारशात मी बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि बायांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. कसले धपाटे — बुक्केच! आवडाबाई मावशी म्हणे, “बीए झाली म्हणून काय झालं? आत्याला मार खावाच लागतो!”

नाव ठेवलं मल्हारी. आईला माझ्या आजोबांचं, कडूबा, हवं होतं. दादा म्हणाला, “आत्या शिकलेली हाय, तिचंच राहू दे.”

पण लिहायचं आहे ते वेगळंच. मी नाव उच्चारलं आणि माझ्या मांडीवरचं बाळ दचकलं! दोन्ही मुठी उघडल्या. सव्वा महिन्याचं पोर — माझा आवाज ओळखला त्याने!

९ नोव्हेंबर

एमएच्या प्रकल्पाचा विषय मॅडमनी मंजूर केला. माणसात संगीत येतं कुठून? शिकवल्याने, की जन्मानेच? त्यांनी सांगितलेला एक प्रयोग डोक्यातून जात नाही. झोपलेल्या नवजात बाळांना ठेका ऐकवला आणि मधूनच एक मुख्य ठोका गाळला. बाळं झोपेतच. पण डोक्याला लावलेल्या तारांवर दिसलं — तो ठोका राहिल्याचं मेंदूला कळलं! कुणी शिकवलं होतं त्यांना?

घरी येऊन पहिलं वाक्य लिहूनच टाकलं : ‘प्रत्येक माणूस गाणं घेऊन जन्मतो.’

११ नोव्हेंबर

मॅडमनी ‘प्रत्येक’ या शब्दाखाली रेघ मारली. “हा जपून वापर.” — त्यात जपण्यासारखं काय आहे?

२० नोव्हेंबर

वहिनी हळूच म्हणाली, “ताई, कुकरची शिट्टी झाली तरी हे हलत नाय. मला भ्या वाटतंय.”

म्हटलं, थांब, बघूच. वडिलांचा, आबांचा, ढोल माळ्यावरून काढला. मेंढरं होती तेव्हा ते धनगरांच्या गजी नाचात वाजवायचे. गाव सोडून शहरात, बजाजनगरला आल्यापासून ढोल तसाच पडून. बाळाला लोखंडी पलंगावर निजवलं, ढोल पलंगाला टेकवला आणि आबांचाच ठेका धरला. तीन हलक्या थापा, चौथी जोराची. रडणारं बाळ गप्प! पाय हलायला लागले! शेजारचा सांडू रात्रपाळी करून झोपला होता, तो भिंतीपलीकडून ओरडला, “लगीन कुणाचं हाय वो?”

“बघ, ऐकू येतं की त्याला!” मी म्हणाले. वहिनीचा जीव भांड्यात पडला. मलाही केवढा आनंद. प्रयोग घरातच!

१५ डिसेंबर

वहिनीने परत तेच काढलं. मी जरा रागावलेच. दाखवलं होतं ना?

१७ जानेवारी



दुपारी बाळ झोळीत झोपलं होतं. आईच्या हातून ताटांची चळतच्या चळत फरशीवर पडली. मी किंचाळले. आबा बाहेरून धावत आले. झोळी हलली नाही.

झोळी दोरीवर लोंबते. आणि ढोल मी पलंगाला टेकवला होता. टेकवला होता! पलंग हादरत होता, म्हणून पाय हलत होते. बारशातही तेच. धपाटे माझ्या पाठीत पडत होते, आणि तो माझ्या मांडीवर होता. नाव ऐकलंच नाही त्याने. मार खाणारी आत्या कळली फक्त.

आणि मी वहिनीला गप्प बसवलं. शिकलेली ना मी!

१८ जानेवारी

सगळ्यांना सांगितलं. दादा भडकला. “तूच म्हनली व्हतीस ना, ऐकू येतं म्हणून!”

आई म्हणाली, “आल्यागेल्याम्होरं बोलू नको. त्रिंबकबी लई उशिरा बोलाया लागला.” त्रिंबक म्हणजे दादाच. दादा आणखी चिडला.

वहिनीने बाळाला टोपडं बांधलं. “ताई, कवा जायचं?”

२ फेब्रुवारी

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे कानांची तपासणी. बाळाला झोपवलं, कपाळाला आणि कानांमागे तारा लावल्या. अगदी मॅडमच्या प्रयोगातल्या बाळांसारखा दिसत होता. पडद्यावरची रेघ सरळ. आवाज वाढवला — सरळच.

“दोन्ही कान. आधी यंत्र लावू, पुढं ऑपरेशनचं बघू. लवकर आणलंत ते बरं झालं.”

लवकर!

घरी येऊन ‘प्रत्येक’ खोडला. उरलं : ‘माणूस गाणं घेऊन जन्मतो.’ मग तेही खोडलं. माझा भाचा माणूस नाही की काय?

२३ फेब्रुवारी

यंत्र आलं. मल्हारी ते ओढून काढतो. आई वरून टोपडं ओढते — “लोकांना दिसू देऊ नको.” यावरून आज वहिनी पहिल्यांदाच आईला उलटून बोलली : “चष्मा झाकता का तुमी?”

मॅडम विचारतात, प्रकल्प कुठवर आला? विषय बदलायचा म्हणतेय. त्यांना सांगितलं नाही अजून.

२६ फेब्रुवारी

वहिनी : “ताई, तुमी त्याच्याम्होरं गाणं म्हणत नाय आता. का वो?”

उठून बाहेर गेले.

५ मार्च

सकाळी वहिनीने त्याला न्हाऊ घातलं. यंत्र डबीत होतं. मी खांद्यावर घेऊन थोपटत होते — हाताला सवय आबांच्याच ठेक्याची. तीन हलक्या, चौथी जोराची. तेवढ्यात सांडू दारात आला. “ढोल देता का, पुतण्याचं लगीन हाय!” मी वळले. चौथी थाप राहून गेली.

मल्हारीने खांद्यावरून डोकं उचललं. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

थाप दिली. डोकं खाली.

मग मुद्दाम गाळली.

डोकं वर!

वहिनीला हाक मारली. ढोल दिला नाही. तो आता मल्हारीला लागणार.