नव्या दातांच्या मामांस, छावणीवरून

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. मामीचे गुडघे, तुमचे नवे दात आणि तुमची तब्येत (हा क्रम मामीनेच लावून दिलेला आहे) ठीक असतील अशी आशा करते. इकडे मी, तंबू आणि तळ्यावरचे डास खुशाल आहोत. पत्राला तसं कारण काही नाही. नव्या दातांमुळे फुंक नीट बसत नाही म्हणून तुम्ही मुलांच्या सुट्टीतल्या छावणीचा बिगुल माझ्या हातात कोंबलात आणि "आता माझं तिथे काय काम?" असं म्हणून घरी बसलात. तर तुमच्यावाचून इथे काही अडलेलं नाही, एवढंच कळवावं म्हटलं.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता उठण्याची धून वाजवली. तुम्ही शिकवलीत तश्शी. (सुरुवातीला जो आवाज आला तो बिगुलाचा नव्हता, माझ्या घाबरण्याचा होता, तो धरू नका.) वाजवून ऐटीत उभी राहिले. एक तंबू हलेल तर शपथ! पुन्हा वाजवली. तळ्यातली बदकं उठली, स्वयंपाकीणबाई उठल्या आणि कोण रडतंय म्हणून विचारायला आल्या, पोरं मात्र ढिम्म. शेवटी तंबूतंबूत शिरून पांघरुणं ओढली. दुपारी जेवणाची धून वाजवली, तेव्हा तरी झुंबड उडेल असं वाटलं होतं. पोरं ताटं मांडीवर घेऊन झाडाखाली बसली होती, ती बसूनच राहिली. जेवण गार झालं आणि बाईंनी माझ्याशी अबोला धरला, तो अजून सुटलेला नाही.

दरवर्षी येणारी ती झिपरी आठवते ना, तुमच्या टोपीत बेडूक ठेवणारी? तिला गाठून विचारलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही खोकलाच नाहीत. मामा आधी खोकतात. खोकल्याशिवाय वाजला म्हणजे नुसता सराव. सरावाला कोण उठतं?"

मामा, मी कपाळाला हात लावला. म्हणजे बिगुल तोंडाला लावण्याआधी तुम्ही घसा साफ करता, तोच इथे हुकूम समजला जातो. (आणि तुम्ही ओठ कसे धरायचे हे शिकवण्यात माझी अख्खी सुट्टी घालवलीत!)

मग मीही खोकले. पोरं एकमेकांकडे बघून हसली. तुमचा खोकला आधी बारीक निघतो, मग जिना उतरल्यासारखा खाली जातो आणि शेवटी "हं" येतं. ते "हं" मला काही केल्या जमेना. तळ्याकाठी जाऊन सराव करत होते, तर छावणीच्या नर्सबाईंनी ऐकलं आणि मला धरून आजाऱ्यांच्या तंबूत नेऊन झोपवलं. कडू औषध दिलं ते वेगळंच. बिगुलाला अजून त्याची चव आहे.

तिथे पडल्या पडल्या आठवलं. लहानपणी मीही याच तंबूंत झोपायचे, आणि मला बिगुलाने कधीच जाग आली नाही. तुमचा खोकला ऐकू आला की वाटायचं, मामा उठलेत, आता अंधाराला भ्यायचं कारण नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं.

असो. सांगायचं एवढंच की सगळं सुरळीत आहे. मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. सुरळीत वगैरे काही नाही. व्यवस्थापकांनी विजेची घंटा आणून ठेवली आहे. शेवटच्या दिवशी पोरं बिगुलाने उठली नाहीत, तर ती भिंतीवर बसणार आणि बिगुल फडताळात जाणार. त्या दिवशी या. बिगुल मी वाजवीन, तुम्ही नुसतं शेजारी उभं राहून खोका. खोकायला दात लागत नाहीत.

आणखी एक. मामी म्हणते, दात बसल्यापासून तुम्ही खोकतानाही तोंडावर हात धरता. इथे धरू नका, शेवटच्या तंबूपर्यंत पोचायला हवं.

आणि अगदी शेवटचं. आदल्या संध्याकाळीच या. त्या सकाळी मला कुणी हलवून उठवायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. तुम्ही खोकलात की उठेन.