लहान शिंपले कुठे ठेवायचे

३ जुलै, मंगळवार
नेल्फाने आज टोपली दारातच आपटली. "बाबा, पत्र लिहा! रविवारी सभेत वाचायचं, सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीत पाठवायचं. ती मास्तरीण या गावात नको!"

पोटची पोर, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

चार महिने झाले, नव्या मास्तरीण यादिराबाईंच्या सांगण्यावरून शाळेची मुलं ओहोटीला आयांबरोबर खारफुटीत जातात. हातात भोक पाडलेली फळी. भोकातून निसटेल तो शिंपला लहान, तो परत जायचा. आया कुरकुरल्या, पण स्वतःच्या पोरांदेखत लबाडी कशी करणार! टोपल्या अर्ध्यावर आल्या. आया धक्क्यावर माल विकायला वळायच्या आणि मुलं लहान शिंपल्यांची बादली घेऊन यादिराबाईंबरोबर जायची. आज त्या बादल्यांतलं सगळं सापडलं. खाडीच्या तोंडाशी, वाळूवर, तोंडं वासून मेलेलं! वास थेट चर्चपर्यंत.

माझं अक्षर चांगलं, म्हणून पत्र मी लिहायचं. बाई गेली तर दुसरी कोण येतेय इथे? शाळेला कुलूप.

४ जुलै
लिहिलं नाही. शाई संपली म्हणालो. दौत भरलेली आहे.

५ जुलै, गुरुवार
शाळेच्या खिडकीशी थांबलो. सदतीस वर्षं याच खिडकीतून माझा वर्ग ऐकू जायचा. बर्फाने वाकलेल्या झाडाची ती कविता, चाळीस मुलांचा एकच सूर! बर्फ मी तरी कुठे पाहिलाय? पण दुसरं कडवं आलं की अंगावर काटा यायचा. अजून येतो.

चिखलाचे पाय घेऊन कुणी आलं की मी घरी पिटाळायचो. "धुऊन ये, नाहीतर जन्मभर शिंपलेच वेचशील!" माझी आई जन्मभर तेच करत होती. डास पळवायला नारळाच्या सोडणाचा धूर तोंडाशी, हात कोपरापर्यंत काळे. शाळेच्या दाराशी आली की मी ओळख दाखवायचो नाही.

आत माझी नात मिलेना विचारत होती, "बाई, ते आपल्यामुळे मेले?"

"हो. आपल्यामुळेच. का मेले, ते आता शोधायचं."

यादिरा म्हणजे राजधानीकडची, किटोच्या डोंगरातली पोर. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथेच. मी असतो तर म्हणालो असतो, वादळाने मेले. पुढचं कडवं म्हणा!

६ जुलै
पत्र झालं. 'यांच्या अज्ञानामुळे गावाचे नुकसान झाले' — वाक्य झकास उतरलं. नेल्फा म्हणाली, "अज्ञान! बरोबर. आणखी एक घाला. हिने गावात कुणालाच विचारलं नाही."

ते घातलं नाही. कसं घालणार.

७ जुलै, शनिवार
लिहूनच टाकतो. हे पान कुणाला सांगायला जाणार नाही.

तिने विचारलं होतं. मला. मार्चमध्ये, याच पायरीवर. "गुरुजी, तुम्ही इथलेच. लहान शिंपले परत कुठे ठेवायचे?" साठ वर्षं मी चिखलात पाऊल घातलेलं नाही! पण 'ठाऊक नाही' म्हणायला जीभ वळेना. म्हणालो, "खाडीच्या तोंडाशी सोडा. भरती त्यांना घरी नेईल." किती सुंदर वाटलं होतं ते वाक्य! तिने वहीत उतरवून घेतलं.

आज नेल्फाला आडून विचारलं. ती हसली. "शिंपला टाकतात का बाबा कधी? खारफुटीच्या मुळाशी, चिखलात कोपरभर खाली, हाताने बसवायचा. आजीनेच शिकवलं मला. तुम्हाला नाही शिकवलं?"

उद्या यादिरा माझं नाव घेणार. सगळ्या गावादेखत! कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा ताटात तसाच राहिला.

८ जुलै, रविवार
सभा. पत्र खिशात, घामाने ओलं.

नेल्फा उभी राहिली. "बोला बाई! वाळूवर टाका म्हणून कुणी सांगितलं?"

मी छपराकडे पाहत राहिलो. पत्र्याला तीन भोकं आहेत.

"चूक माझी," यादिरा म्हणाली. "विचारायचं ते तुम्हाला विचारायला हवं होतं. रोज चिखलात असता तुम्ही."

"आता सुचतंय! टोपल्या रिकाम्या झाल्यावर!" मागून कुणी तरी. हशा.

तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, वाचा," नेल्फा म्हणाली. मी उठलो.

९ जुलै
पत्र वाचलं, शब्द न् शब्द. फक्त तिच्या नावाच्या जागी माझं, 'सेल्सो काइसेदो', म्हणत गेलो. वाक्य अजूनही झकास वाटलं.

नेल्फा माझ्याशी बोलत नाही. आज ओहोटीला खारफुटीत वर्ग मात्र तिनेच घेतला — मुलं, बाई आणि सगळ्यांत मागे मी.

हात धुतलेले नाहीत. पानाला डाग पडतोय, पडू दे.