तेरा मिनिटांची शांतता

५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राचा कागद बघून हसू नकोस. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ कोरी होती, टाकायला जीव होईना. लहानपणापासून मला मुंगी म्हणतोस, ते काही उगाच नाही.

बातमी अशी की ह्यांना बढती मिळाली. भुयारी रेल्वेत बारा वर्षं तिकीट-खिडकीत काढली, आता फलाटप्रमुख झाले. राहायला नव्या खोल्याही मिळाल्या. तळमजल्यावर दोन खोल्या, स्टेशनचा जिना शंभर पावलांवर, आणि गाडी बरोबर आमच्या खालून जाते. ती गेली की मांडणीवरचे पेले किणकिणतात आणि देवाच्या फळीला टांगलेली छोटी घंटी आपोआप वाजते. पहिले दोन दिवस मी दचकत होते. आता देवच सांगतोय, बाई, गाडी गेली, असं समजते.

फलाटावर पाटी आहे : गर्दीच्या वेळी दर तीन मिनिटांनी गाडी. माझी खोड तुला माहीत आहेच. संध्याकाळी स्वयंपाक करता करता हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर वेळा टिपायला लागले. घंटी वाजली की घड्याळ बघायचं आणि मांडायचं. तीन मिनिटांची गाडी कधी चारने येते, कधी सहाने, परवा तर नऊ मिनिटं आलीच नाही. ह्यांना वही दाखवली, तर म्हणाले, घरातच तपासनीस बसवलाय, आता बाहेरच्यांना कशाला घाबरू? मग हसू आवरून खरं सांगितलं. कंट्रोल रूमला फोन केला की तिथून एकच उत्तर येतं, गाड्या वेळेवर आहेत. त्यांच्या रजिस्टरात म्हणे सगळ्या वेळा सकाळीच छापील तक्त्यावरून उतरवून ठेवतात.

साडेसहाच्या सुमाराची गाडी मांडली की मी हात धुऊन देवापुढे बसते. तेवढा वेळ गाड्या टिपत नाही. उठल्यावर त्या जागी ‘देव’ एवढंच लिहिते, कारण वहीत जागा कोरी सोडायची नाही हे तूच शिकवलंस. खरं सांगू, नामस्मरण चालू असताना घंटी वाजली की मन उडतं. एक दिवस तरी निवांत बसू दे, एवढंच मागते.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे, वाढवलीस तरी माझी तक्रार नाही.

तुझी,
मुंगी

१९ जून

चि. सौ. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फेब्रुवारी महिना पोचला. मार्चची वाट पाहतो. तुझी वहिनी म्हणते, ह्या बाईला रेल्वेचा साहेब करा, एक गाडी फुकट जाऊ देणार नाही.

थट्टा पुरे. कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली, म्हणून एक सांगतो. वेळा शाईने लिही आणि आकडा चुकला तरी खोडू नकोस, शेजारी बरोबर लिही. खाडाखोड नसलेली वही समोर आली की भल्याभल्या वकिलांचा आवाज खाली येताना पाहिला आहे. आणि गाडी नऊ-नऊ मिनिटं येत नसेल तर फलाटावर माणसं किती साचत असतील? तुझ्या नवऱ्याला सांग, जिन्याच्या तोंडाशी गेट असतं ते दाखवायला नसतं. गर्दी वाढली की बिनधास्त ओढून बंद करावं.

प्रकृतीला जप. आमची आठवण असू दे, कागद कुठलाही चालेल.

तुझा,
दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू गेटचं लिहिलंस. ते ह्यांनी महिन्याभरात दोनदा ओढलं आणि दोनदा मेमो खाल्ला. गाड्या वेळेवर असताना प्रवाशांची अडवणूक का केली, याचा खुलासा करावा. ह्यांनी माझ्या वहीतल्या वेळा खुलाशात घातल्या, तर वरच्या साहेबांनी विचारलं की रेल्वे आता बायकांच्या स्वयंपाकघरातून चालवायची का. तिसरा मेमो आला तर बढती परत घेतील, असंही तोंडी सांगितलं.

तेव्हापासून हे गेटची किल्ली मुठीत धरून उभे असतात आणि ओढत नाहीत. घरी येतात तेव्हा तळहातावर किल्लीचा वळ असतो. जेवताना घंटी वाजली की घास तसाच हातात राहतो. मला काळजी वाटते, पण बोलून दाखवत नाही.

जास्त काय लिहू. तुम्हा दोघांचा लोभ हाच आधार.

तुझी,
मुंगी

२४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी हे सांगते की हे धडधाकट आहेत. पण गेल्या मंगळवारी संध्याकाळी आमच्या स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. चार माणसं गेली. त्यांत कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी होती. माझे उशांचे अभ्रे तिच्याकडेच शिवायला दिले होते.

बराच वेळ गाडी आली नव्हती. फलाट भरला, जिना भरला, रस्त्यावरून माणसं आत येतच राहिली. शेवटी गाडीचा आवाज आला तशी वरची माणसं एकदम खाली लोटली. ह्यांच्या हातात किल्ली होती. गेट उघडंच होतं.

आता जे लिहिते ते मी ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी सहा अडतीसची गाडी मी मांडली आणि देवापुढे बसले. दादा, ह्या घरात मला इतकं निवांत कधी बसायला मिळालं नव्हतं. घंटी एकदाही हलली नाही. दिव्याची ज्योत सरळ. माझे डोळे भरून आले. म्हटलं, देवा, ऐकलंस रे माझं. हात जोडून त्याचे आभार मानले. मग घंटी वाजली, उठता उठता सवयीने सहा एक्कावन्न मांडलं, आणि थोड्याच वेळात शेजारीण दार बडवायला लागली. ‘देव’ लिहायचं राहूनच गेलं.

ह्यांना निलंबित केलं आहे. कंट्रोलच्या रजिस्टरात त्या तेरा मिनिटांत चार गाड्या गेल्याचं लिहिलंय, म्हणजे दोष एकट्या गेटचा. जिन्यावरून वाचलेले लोक गाडी नव्हती असं सांगतात, तर त्यांना उत्तर मिळतं की चेंगरलेल्या माणसाला मिनिटाचे तास वाटतात. चौकशी नऊ ऑगस्टला आहे. वही घेऊन जाऊ का?

लगेच लिही. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
मुंगी

२९ जुलै

चि. सौ. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

वही घेऊन जा, पण समोर त्या मंगळवारचं एकच पान ठेव. त्यावर ६.३८ आहे, खाली ६.५१ आहे, मध्ये काही नाही. ती कोरी जागाच तुझ्या नवऱ्याला वाचवील. विचारलं तर म्हण, गाडी आली नाही म्हणून मांडली नाही. ह्यात खोटं काय आहे? गाडी आली नव्हतीच. तू देवापुढे बसली होतीस हे कुणी विचारणार नाही, आणि तू आपण होऊन सांगू नकोस. विचारलं त्याहून जास्त बोलणारी माणसं हरताना मी तीस वर्षं पाहिली आहेत. मागची पानं दाखवशील, तर रोज त्याच वेळी ‘देव’ लिहिलेलं त्यांना दिसेल आणि सगळं ढासळेल.

मुंगे, एवढं माझं ऐक. आम्ही दोघं तुझ्या पाठीशी आहोत.

तुझा,
दादा

२० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं असं ठरवूनच मी घरून निघाले होते.

टेबलापलीकडे तिघे बसले होते. पान पाहिलं, एकमेकांकडे सरकवलं. मधल्या साहेबांनी सरळच विचारलं, बाई, ह्या तेरा मिनिटांत तुम्ही लक्ष ठेवून होता ना? हो म्हटलं असतं तर काम झालं होतं. पण भिंतीजवळच्या बाकावर शिवणवालीचे म्हातारे वडील बसले होते. मांडीवर पिशवी होती. त्या पिशवीत माझे अभ्रे होते, शिवून झालेले. मुलीने कुणाचे ते सांगून ठेवलं होतं म्हणून आठवणीने आणले होते. त्या तेरा मिनिटांत त्यांची मुलगी जिन्यावर श्वास धरून उभी होती आणि मी देवाचे आभार मानत होते. त्याच जागेत मला खोटं मांडता येईना. अख्खी वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, घंटीचंही.

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, म्हणजे नोंद अशी नाहीच. त्यांच्यातले एक वयस्कर इंजिनिअर मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घंटीची खात्री करायला घरी आले. सहा अडतीसला देवापुढे बसले. घंटी एक्केचाळीसला वाजली, चव्वेचाळीसला, सत्तेचाळीसला, पन्नासला. घड्याळ खिशात ठेवून म्हणाले, बाई, गाड्या तर वेळेवर आहेत. हो, आहेत. चार माणसं गेल्यावर पाटी खरी झाली.

काल निकाल आला. ह्यांना काढून टाकलं, महिनाअखेर खोल्या सोडायच्या. मी घाबरत घाबरत विचारलं, माझ्यामुळे झालं ना? तर म्हणाले, गेट तू ओढायचं नव्हतंस, मी ओढायचं होतं.

सामान बांधून झालंय, फळीची घंटी तेवढी राहिली आहे. मी देवापुढे बसते, पण डोळे मिटत नाहीत. हे मागे खुर्चीत कॅलेंडरची पाठ घेऊन बसतात आणि वाजली की मांडतात. काल संध्याकाळी चार मिनिटं झाली, पाच झाली, घंटी वाजेना. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. हे चपला न घालता जिन्याकडे धावले. गेटची किल्ली आता त्यांच्याकडे नाही, हे त्यांना तिथे पोचल्यावर आठवलं.

तू रागावला असशील. राग ओसरला की दोन ओळी टाक. तोवर लोभ आहे असंच धरून चालते.

तुझी,
मुंगी

ता. क. : वही आज परत आली. त्या मंगळवारची जागा अजून कोरीच आहे. तू शिकवलंस खरं, पण तिथे आता ‘देव’ लिहायला हात उचलत नाही.