परकीच्या गालाचं उष्टं

मंगळवार, दिवेलागण

लय किळस आली आज. सून मनीषा दुपारी पार्लरमधून गाल फुगवून आली. सुरकुत्या भरायचं इंजेक्शन घेतलं म्हणे.

"सीलबंद होतं का गं?"

"अहो आई, एका बाईला अर्धंच लागलं. उरलेलं त्याच सुईत फ्रिजमध्ये होतं, म्हणून स्वस्तात दिलं."

म्हणजे उष्टंच की! माझ्या पेल्यातलं पाणी हिला चालत नाय, आणि परकीच्या गालातली सुई चालली? दिंडोरीला द्राक्षांवर मारायचं औषधसुद्धा आम्ही सील आणि नाव बघून घ्यायचो. हिनं नाव विचारलं नाय, टोचणारी डॉक्टर आहे का तेही नाय.

तेवढ्यात गाल एका जागी पांढराफटक पडला, ठणकायला लागला. "उद्या बघू," म्हणते! हाताला धरून रिक्षात घातली.

कातडीच्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध होतं?" मनीषा माझ्याकडं बघायला लागली.

"उष्टं होतं," मी म्हणाले.

गालात भरलेलं विरघळवायचं इंजेक्शन दिलं. गाल वाचेल म्हणाले, पण त्या परकीचा काही आजार लागला का बघायला रक्त आत्ता तपासायचं, पुढंही परत तपासायचं. मीच आधी का नाय विचारलं, कुठं चाललीस म्हणून?

घरी आल्यावर तिनं पाणी मागितलं. मी माझाच अर्धा पेला पुढं केला.

गुमान प्यायली.