आतून धुतलेले उंदीर

३ जून १९५७

औषध दिलेले उंदीर मेले. न दिलेले बहुतेक जगले. उलटं व्हायला हवं होतं.

दोन पिंजरे. एकातल्या उंदरांना पंधरा दिवस पाण्यातून टेट्रासायक्लिन पाजलं — पोटातले, घशातले नेहमीचे जंतू साफ. मग दोन्हीकडे नाकातून फ्ल्यूचा विषाणू. आतून धुतलेले आडवे झाले. घाणेरडे मजेत दाणे खातायत.

पाटणकर सरांना दाखवलं. म्हणाले, "गुणवंती, तू पिंजरे बदललेस. जंतू मारल्याने कोणी मरत नाही." ते प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत, त्यामुळे कोणी मरत नाही.

प्रयोग पुन्हा लावायचा हुकूम. या खेपेला पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या सर स्वतः चिकटवणार.

११ जून

फ्ल्यूच्या साथीने गिरण्यांची खाती ओस. चाळीखालच्या दवाखान्यात कंपाउंडर सगळ्यांना तीच टेट्रासायक्लिनची कॅप्सूल देतोय. ताप विषाणूचा, औषध जंतूंवरचं. रांग मात्र मोठी.

१९ जून

भाऊ भिवा लालबागच्या सभेहून घसा बसवून आला. "मुंबई आपलीच," एवढं बोलला आणि कोसळला. अंग तव्यासारखं.

आई म्हणाली, "जा गो, कॅप्सूल आण त्याला."

मी नाही म्हटलं. विषाणूला तिने काही होत नाही. उलट घशातले राखणदार मरतील.

"राखणदार?"

दीक्षा घेऊन घरातले देव काढले त्याला आठ महिने झाले, आणि मी भावाच्या घशात राखणदार बसवतेय!

रजा टाकली.

२२ जून

ताप उतरला. चाळीत दोघीतिघींना उंदरांची गोष्ट ऐकवली. ऐटीत.

२४ जून

सकाळी पुन्हा ताप. छातीत कळ, थुंकीत रक्त. थुंकी प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. न्यूमोकॉकस — न्यूमोनियाचे जंतू, जोडीजोडीने, गच्च. बाहेरून आलेले असतीलच असं नाही. निरोगी माणसाच्या घशातही ते मुकाट राहतात. विषाणूने आतलं अस्तर सोललं, हे फुफ्फुसात उतरले. माझ्या राखणदारांतलेच हे.

काच हातात घेऊन सरांच्या खोलीत गेले. काच पुढे धरली. त्यांनी काच बघितली, पिशवीत पेनिसिलिन टाकलं आणि माझ्याबरोबर निघाले. तीन जिने चढले. भिवाला इंजेक्शन दिलं. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सरांच्या हाताकडे बघत राहिले. ते पाणी प्यायले.

जिन्यात म्हणाले, "आता औषध हवंच होतं. उद्यावर टाकलं असतंस तर हाताला लागला नसता."

सर दोन पायऱ्या उतरून थांबले.

"आणि दुसऱ्या खेपेचेही उंदीर मेले. औषधवालेच. चिठ्ठ्या माझ्या होत्या."

एकाच जिन्यात मी चुकले आणि बरोबरही ठरले. आनंद कशाचा करायचा ते कळेना.

२७ जून

भिवाने पेज मागितली. मग घोषणा द्यायला लागला. आई म्हणते, आणखी दोन दिवस आजारी राहिला असता तर चाललं असतं.

२९ जून

सर कामावर आले नाहीत. मी शिवाजी पार्कला त्यांच्या घरी गेले. तापाने फणफणलेत, धाप लागतेय. उशीखालून कॅप्सूलची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"महिनाभर रोज घेतोय. साथीची भीती वाटत होती, थांबवायचा धीर झाला नाही. तुझे उंदीर मला पहिल्याच दिवशी पटले होते, गुणवंती. आता काय करायचं, ते तू सांग."