दोन भाकरी, एक वाटी

अवसरी बुद्रुक
१२ नोव्हेंबर २००२

प्रिय छबू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांचा खोकला गेला, सुदर्शनने बटाटा लावून घेतला, सूनबाई रत्ना माहेरी चार दिवस राहून आली. नात संस्कृती अंगणवाडीत जायला लागल्यापासून घरी येऊन आम्हा सगळ्यांना रांगेत बसवते आणि हाताची घडी घालायला लावते. तुझ्या तब्येतीचं विचारायचं नाही असा तुझा हुकूम आहे, म्हणून विचारत नाही. फोनवर तू विषय बदलतेस; पत्रात निदान माझं पुरतं ऐकून तरी घ्यावं लागतं.

तर बातमी अशी, की माझं वजन वाढलं.

हसू नकोस. म्हणजे हस, पण आधी सगळं वाच. दसऱ्याच्या आधी मी पुण्याला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. पोरगेलीशी मुलगी, पण बोलायला गोड. तिने सांगितलं, दोन वेळच्या जेवणात प्रत्येकी दोन भाकरी, एक वाटी आमटी, एक वाटी भाजी, मूठभर भात. मी म्हटलं, एवढंच? हे तर मी आत्ताही खाते! उलट सकाळची अर्धी भाकरी मी आपणहून सोडली आणि मोठ्या रुबाबात घरी आले.

आमच्याकडे वजन करायचं म्हणजे बटाट्याच्या वखारीतल्या काट्यावर. तिथे तोलायला गेणभाऊ असतो, ह्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. परवा तिथे दुसरं कुणी नाही असं बघून चढले, तर त्याने बाजारात पुकारावं तसं पुकारलं, "काकी, दीड गोणी भरून वर आडीच किलो!" रस्त्यापलीकडचे दोघे वळून बघायला लागले. मी उतरले आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी धरली.

या खेपेला दुपारचं जेवण बरोबर बांधून नेलं होतं. त्या मुलीने सहज म्हटलं, दाखवा बघू तुमची भाकरी. मी फडकं सोडलं. तिने तिच्या टेबलावरची ताटली पुढे घेतली आणि भाकरी तिच्यावर ठेवली, तर ताटली दिसेनाच! चारी बाजूंनी भाकरी लोंबायला लागली. ती बघतच राहिली. म्हणाली, "काकू, ही एक?" छबू, तुला आपल्या इकडची भाकरी ठाऊक आहे. परातभर थापलेली. तिच्या दोन म्हणजे आमची एक पुरी नव्हे.

मग वाटीचं निघालं. तिने विचारलं, वाटी केवढी. आता काय सांगणार? आमच्या घरात नैवेद्याची वाटी आहे, ताटातली आहे, आणि रस्सा ओरपायचा वाडगा आहे, त्यालाही सगळे वाटीच म्हणतात.

शेवटी तिने विचारलं, जेवणाव्यतिरिक्त काय खाता? मी खरंखुरं सांगितलं, काही नाही. ती म्हणाली, मुलांच्या ताटात उरलेलं? मी म्हटलं, ते खाते की, टाकायचं का? आणि पातेल्याच्या बुडाचं? ते रात्रीपर्यंत आंबेल ना. तिने पेन खाली ठेवलं. देवाशपथ सांगते, मी काही लपवलं नव्हतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर, उभ्या उभ्या, ओट्याशी जे पोटात जातं, ते मी कधी जेवण म्हणून धरलंच नाही. माझ्या सासूबाई, आत्याबाईही धरत नाहीत. आमच्याकडे कुठलीच बाई धरत नसेल.

गाडीत बसल्यावर मला एकटीलाच हसू फुटलं. आपल्या कॉन्व्हेंटचं जेवणघर आठवलं. सिस्टर बर्नाडेट ती अॅल्युमिनियमची पळी घेऊन रांगेपुढून जायच्या. एका मुलीला एक पळी, मग ती कलेक्टरची असो की आपल्यासारखी पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरची. तू दुसरी पळी मागायला उठायचीस आणि मी मागून तुझा झगा ओढून बसवायचे. तेव्हा आपण दोघी किती चवळीच्या शेंगा होतो गं! लग्न होऊन मी या गावात आले आणि पहिल्याच दिवशी सासरच्यांनी ताटात एवढं वाढलं की मला वाटलं, हे सगळ्यांचं मिळून आहे.

ह्यांना सोडून घरी सगळ्यांना मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलंय. तुलाही तेच सांगणार होते. पण तुझ्याशी खोटं बोलताना माझं अक्षर बिघडतं आणि तू ते लगेच ओळखतेस.

जूनमध्ये पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, रक्त जुळतंय, पण एवढ्या वजनाला आणि काठावरच्या साखरेला मी तुमची किडनी काढायला धजणार नाही. तू बाहेर बाकावर होतीस. मी येऊन सांगितलं, तर तू माझ्या पदराची पिन नीट करत म्हणालीस, "बरं झालं ताई. प्रश्न मिटला."

तुझा मिटला असेल.

तुझी मोठी बहीण,
कुमुद

—

अवसरी बुद्रुक
१९ जानेवारी २००३

प्रिय छबू,

तिळगूळ घे. तू यातला कणभरच तोंडात टाकशील हे ठाऊक आहे, तरी पाठवते आहे. बाकीचा तुझ्या शेजारच्या मुलांना दे.

तुझं कार्ड मिळालं. "वेडेपणा बंद कर आणि भाकरी खा." एवढ्यासाठी सरकारचं कार्ड खर्ची घातलंस! मी भाकरी खाते आहे, बाई. अर्धी. आणि हे बघ, माझ्या लग्नातली अंगठी, जी साबण लावूनही निघत नव्हती, ती परवा कणीक मळताना आपोआप परातीत पडली. मी एवढ्या जोरात हाक मारली की रत्नाला वाटलं विंचू चावला.

आता माझी तऱ्हा ऐक. संस्कृतीची छोटी ताटली मी बळकावली आहे. निम्म्या ताटलीत पालेभाजी नाहीतर काकडी-मुळा. उरलेल्या निम्म्यात एकीकडे अर्धी भाकरी, एकीकडे उसळ किंवा पिठलं, ताटातल्या खऱ्या वाटीने. भात एक मूठ, आणि मूठ माझी, गेणभाऊची नव्हे. एकदाच वाढून घ्यायचं आणि सगळ्यांबरोबर बसून जेवायचं, पहिल्या पंगतीला. उरलंसुरलं गाईच्या पाटीत. संस्कृती रोज तक्रार करते की आजीने माझी ताटली चोरली, आणि मग माझ्यापुढे बसून मी किती घास खाते त्यावर पहारा करते.

पहिले पंधरा दिवस मला ताट बघूनच रडू यायचं. भुकेने नाही गं. एवढ्या वर्षांत आपल्यासाठी म्हणून वाढलेलं ताट मी कधी नीट बघितलंच नव्हतं. आता बघते. हळू खाते. मेथीला इतकी चव असते हे मला या वयात कळलं.

हे सगळं मी मजेत लिहिते आहे, पण एक गोष्ट मजेची नाही. आत्याबाई. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, तरी स्वयंपाकघरावर त्यांचीच नजर. गाईच्या पाटीत भात पडताना बघून त्यांनी आधी टोमणे मारले, की बामणाच्या पोरीगत मोजून खातीया, लक्ष्मी टाकतीया. मी ऐकून घेतलं. संक्रांतीच्या दिवशी गूळपोळी अर्धीच घेतली, तेव्हा मात्र त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, एवढं कुणासाठी चाललंय? गुडघ्यांसाठी कुणी पोळी सोडत नाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान डोलावली. मग मी सांगून टाकलं, तुझं मशीन, आठवड्यातून दोनदा नळ्या लावून पडून राहणं, सगळं.

त्यांनी हातातली पोळी पानात ठेवली. मग म्हणाल्या, "तू आमच्या घरची हायेस. तुज्या अंगावर माज्या लेकाचा हक हाय, नातीचा हाय. भईन तिकडली. तिकडल्यांनी बगावं तिचं."

तिकडचं कोण उरलंय, छबू? आई-अण्णा गेले. तू लग्न केलं नाहीस. तिकडची म्हणजे मीच.

हे मी त्यांना म्हणाले नाही. पानावरून उठलेही नाही. माझी अर्धी पोळी संपवली. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. हे म्हणतात, आईला वेळ दे. देते आहे. पण त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन मी इतक्या वर्षांत कधी माहेरीसुद्धा गेले नाही, आणि हे तर केवढं मोठं. त्यांनी नाही म्हटलं तरी मी हे करणार, एवढं मात्र ठरलंय. फक्त त्यांना दुखवून करावं लागलं तर माझ्या हातून ते आनंदाने होणार नाही.

काल उन्हातून आले आणि तांब्या तोंडाला लावला. अर्ध्यावर आल्यावर तू आठवलीस. दिवसाचं पाणी मापाने बाटलीत भरून ठेवतेस आणि घोट घोट पुरवतेस. उन्हाळ्यात तर तुला ओठ नुसते ओले करून भागवावं लागतं. तू पाणी मोजतेस, मी भाकरी मोजते. आपल्या दोघींना सिस्टर बर्नाडेट अजून रांगेतच उभं करून आहेत असं वाटलं.

लिही. कार्ड नको, पत्र लिही.

तुझी,
कुमुदताई

—

अवसरी बुद्रुक
२१ एप्रिल २००३

छबू, माझे लाडके छबू,

आज खुशाली-बिशाली काही नाही. घाईत लिहिते आहे, अक्षर चालवून घे. दुःखाचं काही नाही, घाबरू नकोस. क्रमाने सांगते, नाहीतर मलाच कळणार नाही.

गेल्या आठवड्यात पिंपरी पेंढारची जत्रा होती. तिथे माझ्या नणंदेचं, चिमाबाईंचं सासर. आम्ही सगळे गेलो, आत्याबाईंनाही जीपमध्ये पुढे बसवून नेलं. माझ्याशी बोलणं तोपर्यंत कामापुरतंच. मी रात्रभर त्या जेवणाचीच धास्ती घेतली होती. जत्रेचा पाहुणा, आणि चिमावन्संचा आग्रह! त्यांच्याकडे माणूस पानावरून उठू शकला तर तो वाढणाऱ्याचा अपमान समजतात.

मासवड्या होत्या. मी चार घेतल्या, रस्सा एक वाटी, बाजरीची चतकोर, वर कांदा-काकडी. पुरे म्हणून बसले. वन्सं परात घेऊन आल्या. म्हणाल्या, "वयनी, आवो हे काय, चिमणीनं खाल्ल्यावानी! भावाच्या बायकूला उपाशी धाडली म्हनत्याल लोक." मी नको नको म्हणते आहे, त्यांनी मासवड्यांची मूठ उचललेली आहे, पंगत हसते आहे. मला वाटलं, गेलं सगळं. या माणसांना दुखवायचं तरी कसं?

माझ्या शेजारी आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी आपला हात, तो सुरकुतलेला, बांगडीने मनगटावर खाच पडलेला हात, माझ्या ताटावर आडवा धरला.

"तिला न्हाई वाढायचं."

वन्सं म्हणाल्या, आई, असं काय करतेस?

"तिला भईनीसाठी हलकं व्हायचंय. मला वाढ तिच्या वाटणीचं."

छबू, पंगत आत्याबाईंकडे बघायला लागली. वन्संच्या हातातली मूठ तशीच. मग त्यांनी ती खरंच आत्याबाईंच्या पानात टाकली, आणि त्या दात नसलेल्या तोंडाने एकेक मासवडी चघळत खात राहिल्या. माझ्याकडे बघितलं नाही. जीपमध्ये चढताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, वाकू नको, गुडघं दुखत्याल. आणि माझ्या त्या जुन्या निमित्तावर स्वतःच हसल्या.

आणि परवा पुण्याला गेलो. हे बरोबर होते. सगळ्या तपासण्या पुन्हा. मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचले, चष्मा काढला, परत घातला, परत वाचले. साखर उतरली आहे. रक्तदाब चांगला आहे. वजन त्यांना हवं होतं त्याच्याही खाली आहे. त्यांनी ह्यांना विचारलं, घरच्यांची संमती? हे म्हणाले, "घरच्यांची केव्हाच झाली, आता तिच्या बहिणीचीच राहिली आहे."

डॉक्टर तारीख लिहायला लागले. मी त्यांचा हात थांबवला. म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही. ती मला नको म्हणत आली आहे, आणि तिचं नको मला मोडून काढायचं नाही.

म्हणून आता विचारते आहे, सरळ. एवढे महिने मी भाकऱ्यांबद्दल लिहीत राहिले, कारण हा प्रश्न लिहायचं धाडस नव्हतं. मला वाटायचं, तू "बरं झालं, प्रश्न मिटला" म्हणालीस, ते माझा जीव वाचला म्हणून. मग एकदा असंही वाटलं, की तुलाच जगायचा कंटाळा आला असेल. तो विचार आला त्या रात्री मी ह्यांना उठवून बसवलं होतं. तसं असेल तर ते मला सांग. मी भांडेन. पण सांग.

आणि तसं नसेल, फक्त माझी काळजी असेल, तर ती आता सोड. डॉक्टर म्हणाले, मी दहा वर्षांत इतकी धडधाकट नव्हते. एकावर माणसाचं नीट चालतं, असंही म्हणाले. मी तुझ्यावर उपकार करत नाही. मला तू हवी आहेस, म्हातारपणी, जवळ, माझ्याशी कुरकुरायला. तांब्या तोंडाला लावून घटाघट पाणी पिताना मला तुला एकदा बघायचं आहे. त्यासाठीच चाललंय सगळं.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शनिवारी सकाळच्या नाशिक गाडीने मी आणि हे येतो आहोत. तोपर्यंत विचार कर. फोन करू नकोस. तुझं हो मला तुझ्या तोंडासमोर बसून ऐकायचं आहे, आणि नाही असलं तरी तिथेच.

दार तूच उघड.

तुझी, तुला विचारून थांबलेली,
ताई